रेस्क्यू झालं, आता पुढे काय? बुडालेल्यांनी लिहिलेला अभ्यासक्रम

नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' शक्य तितके गाळलेत, उरलेत ते गोड मानून घ्या.

आजचा विषय जरा घरगुती आहे. मे महिन्यात गोव्यात ग्रँड आयलंडच्या आडोशाला माझा रेस्क्यू डायव्हरचा कोर्स पूर्ण झाला. सर्टिफिकेट मिळालं त्या संध्याकाळपासून एकच प्रश्न जो तो विचारतोय: आता पुढे काय? आई विचारते तेव्हा त्याचा अर्थ 'आता पुरे ना?' असा असतो. डायव्हिंगवाले विचारतात तेव्हा 'डाइव्हमास्टर कधी?' असा असतो. आणि मी स्वतःला विचारतो तेव्हा मला उत्तर द्यायला इतिहासाचा आधार लागतो, कारण दुसरं काही मला धड येत नाही.

तुमच्यापैकी खूप जणांनी मालवणला किंवा तारकर्लीला 'स्कूबा केलंय', मला माहितीये. होडीतून जायचं, तोंडात रेग्युलेटर, खाली मासे, पाव घेऊन फोटो. तेव्हा तुमच्या पाठीमागे एक मुलगा तुमचं सिलिंडर घट्ट धरून असतो, आठवतंय? तुम्ही कितीही हातपाय मारले तरी तुमची सगळी जबाबदारी त्याची. पुढचे कोर्स करत गेलं की तो हात सुटतो. ओपन वॉटर, मग अ‍ॅडव्हान्स्ड, आणि मग रेस्क्यू. रेस्क्यूमध्ये पहिल्यांदा उलटं होतं: दुसऱ्याचं सिलिंडर धरणारा हात तुम्हाला व्हायचं असतं.

मी हा कोर्स का केला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल. दोन वर्षांपूर्वी एका ट्रिपवर मला एक अनोळखी गृहस्थ बडी म्हणून दिले होते. साधारण १८ मीटरवर होतो. त्यांनी माझ्याकडे वळून गळ्यावरून हात फिरवला. हवा संपली, ही ती खूण. ही खूण मी परीक्षेत दिली होती, ओळखली होती, तिचं उत्तर मला पाठ होतं. आणि मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. किती वेळ? गाईड नंतर म्हणाला तीन-चार सेकंद. तो मधे आला, त्यानं स्वतःचा दुसरा रेग्युलेटर त्यांच्या तोंडात दिला आणि त्यांना वर घेऊन गेला. कुणाला काही झालं नाही. होडीवर त्यांनी मला बिस्किटं दिली. ती बिस्किटं मला अजून गिळता आलेली नाहीत, असं म्हटलं तरी चालेल.

तर कोर्सकडे वळू. या कोर्सचा सातवा सराव डायव्हिंगवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर बेशुद्ध माणूस. त्याला उताणा करायचं, त्याचा मास्क काढायचा, श्वास चालू आहे का बघायचं, आणि नसेल तर ठराविक अंतरानं तोंडानं श्वास देत देत त्याला होडीकडे ओढायचं. ओढता ओढता त्याच्या अंगावरचे पट्टे, सिलिंडर, वजनं सगळं उतरवायचं, स्वतःचंही. आणि श्वास चुकवायचा नाही. पहिल्या दिवशी मी बकलवर हात घातला की श्वास विसरत होतो, आणि श्वास आठवला की त्या 'बेशुद्ध' मुलाच्या नाकात पाणी घालत होतो. तो बिचारा बेशुद्ध असूनही खोकला.

आता या सरावातली गंमत बघा. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी हा सराव होऊच शकला नसता. पाण्यात बुडालेल्याला कसं जगवायचं यावर युरोपात अठराव्या शतकापासून संघटित प्रयत्न झाले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १७६७ साली यासाठी संस्था निघाली, लंडनमध्ये १७७४ साली विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी काढली, तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी झाली. तेव्हाच्या उपचारांत भात्यानं तंबाखूचा धूर बुडालेल्याच्या गुदद्वारातून आत सोडणं हा एक मान्यवर उपाय होता. हसू नका, थेम्सच्या काठाला त्याची साधनं ठेवलेली असत. तोंडानं श्वास देणं तेव्हाही माहीत होतं, पण ते मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या अर्ध्यात चलती होती ती हातानं दाबण्याच्या पद्धतींची: सिल्व्हेस्टर, शेफर, होल्गर नील्सन. माणसाला पालथा किंवा उताणा टाकायचा, छाती-पाठ दाबायची, हात वर-खाली करायचे. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर बुडालेल्या पोराला पालथं घालून पाठ दाबताना मी लहानपणी पाहिलंय, तो याच पद्धतींचा लांबचा वारस असावा.

या सगळ्या पद्धतींना एक गोष्ट लागायची: जमीन. पाण्यात तरंगत असताना कुणाची पाठ कशी दाबणार? म्हणजे किनारा येईपर्यंत वाचवणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स एलम आणि पीटर सफार या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रयोगांनी दाखवून दिलं की तोंडानं दिलेला श्वास या दाबण्याच्या पद्धतींपेक्षा सरस ठरतो. १९६० साली जॉन्स हॉपकिन्समधून छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आणि लोकांना शिकवायचं कसं, तर नॉर्वेतल्या स्टाव्हँगरचा खेळणी बनवणारा आस्मुंड लार्डाल पुढे आला. त्याचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला होता. त्यानं सरावासाठी बाहुली बनवली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीतल्या अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा. एकोणिसाव्या शतकात नदीत सापडलेल्या एका मुलीचा तो साचा, अशी आख्यायिका. खरंच ती बुडाली होती का, यावर वाद आहेत, कारण बुडालेल्याचा चेहरा इतका शांत राहत नाही. पण मी कोर्सच्या आदल्या दिवशी फर्स्ट एडच्या वर्गात ज्या बाहुलीच्या तोंडावर तोंड ठेवलं, तिचा चेहरा तिच्यावरूनच आलेला. हे माहीत झाल्यावर छाती दाबताना मोजणी चुकली माझी.

आता स्कूबाकडे. १९४३ साली जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या 'पुढे काय'चं मूळ तिथं आहे.

२७ ऑगस्ट १९४६. दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्यांजवळ फोंतेन द व्होक्लूज नावाचा झरा आहे. दर वसंतात तो उफाळून येतो, आणि का ते कुणाला कळत नव्हतं. कूस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा त्यात उतरले. वर दोर धरून बसला होता मॉरिस फार्ग, नौदलातला त्यांचा सहकारी. दोराचे झटके ठरलेले: तीन म्हणजे आणखी दोर सोड, सहा म्हणजे लगेच वर ओढ. खाली गेल्यावर दोघांचीही डोकी बधिर व्हायला लागली. नेहमीची खोलीवरची गुंगी नव्हती ती, त्याहून वाईट काहीतरी. द्युमा जवळजवळ शुद्ध हरपला. कूस्तोनं दोर ओढला. पण दोर ढिला होता, खडकाला घासत होता, झटके नीट पोचेनात. कूस्तो दोर धरून चढायचा प्रयत्न करू लागला आणि वर फार्गला वाटलं, हे आणखी दोर मागतायत. तो सोडत राहिला. कूस्तो जितका चढे, तितका दोर खाली येई. विहिरीतला माणूस दोराला धरून वर येतोय आणि वरचा माणूस प्रेमानं दोर सोडतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

शेवटी फार्गनं ओढायला घेतलं. दोघं वाचले, द्युमाच्या पोटातलं पाणी काढावं लागलं. नंतर कळलं, सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरनं स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. कार्बन मोनॉक्साइड. जमिनीवर कदाचित नुसतं डोकं दुखलं असतं. पण ४० मीटरवर दाब पाचपट होतो, आणि तितक्याच विषाचा परिणामही त्या पटीत वाढतो.

रेस्क्यूच्या वर्गात आमच्या इन्स्ट्रक्टरनं पहिल्याच तासाला सिलिंडरची हवा वास घेऊन बघायला लावली. वास आला तर ते सिलिंडर नाकारायचं. मी विचारलं, कार्बन मोनॉक्साइडला कुठे वास असतो? ती वेंगुर्ल्याची, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. म्हणाली, "दादा, त्याला नसतोच. पण त्याच्यासोबत येणाऱ्या धुराला, तेलाला असतो. तेवढं तरी नाकाला कळू दे." आणि ज्याला त्याचा वासही येत नाही, तो कॉम्प्रेसर कुठं ठेवलाय, त्याची हवा कुठून येते ते दुकानात जाऊन बघायचं. हा नियम कुठून आला ते मला माहीत होतं. वर्गात सांगावंसं वाटलं, पण एपिसोडसाठी राखून ठेवलं.

आता पुढचं वर्ष. सप्टेंबर १९४७. याच गटानं ठरवलं की अ‍ॅक्वालंगनं किती खोल जाता येतं ते एकदाचं बघू. खाली सोडलेल्या दोराला ठराविक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या. डायव्हरनं जायचं, पाटीवर सही करायची, वर यायचं. मॉरिस फार्ग उतरला. तोच, दोर धरणारा. दोराचे झटके येत होते, मग थांबले. वर ओढला तेव्हा रेग्युलेटर तोंडातून निसटून लोंबत होता. तो वाचला नाही. शंभर मीटरच्या पलीकडे, १२० मीटरजवळच्या पाटीवर त्याची सही सापडली. तिथपर्यंत तो शुद्धीत होता, म्हणजे निदान सही करण्याइतका. साध्या हवेतला नायट्रोजन त्या खोलीवर माणसाला पार झिंगवतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती धाडसाची वाटली होती. रेस्क्यू केल्यावर पुन्हा वाचली तर वेगळीच दिसली. दुसऱ्याला ओढून काढणारा माणूस, साधारण एका वर्षानंतर, स्वतःच्या मर्यादेच्या पलीकडे गेला, आणि तिथं त्याला ओढून उपयोग नव्हता.

एकटा फार्ग असता तर मी त्याला अपवाद म्हटलं असतं. पण अमेरिकेत बघा. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत कॉनराड लिंबो नावाचा जीवशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना डायव्हिंग शिकवत होता. अभ्यासक्रम, चाचण्या, शिस्त, सगळं त्यानं बसवलं. लॉस एंजेलिस काउंटीच्या अल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन यांनी त्याच्याकडून धडे घेतले आणि १९५४ साली सामान्य नागरिकांसाठी पहिला इन्स्ट्रक्टर कोर्स सुरू केला. टिलमन १९६० साली नावी ही संस्था काढणाऱ्यांपैकी एक. १९६६ साली पॅडी आली. आज आपण गोव्यात, अंदमानात, नेत्राणीला जे शिकतो त्या वंशावळीत लिंबो अगदी वर येतो. आणि तो? मार्च १९६० मध्ये फ्रान्समध्ये कासीजवळ पोर-मिउ इथल्या पाण्याखालच्या नदीत गेला आणि वाट चुकून तिथंच संपला. खुल्या समुद्रातला गुरू गुहेत नवशिका होता, एवढंच.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात तर हे इतक्यांदा झालं की कुणीतरी हिशोब मांडायलाच हवा होता. तो मांडला शेक एक्सलीनं. १९७९ साली त्याची एक छोटी पुस्तिका आली. त्यात प्रत्येक प्रकरण एका खऱ्या अपघातानं सुरू होतं: कोण गेलं, काय चुकलं. मग त्यातून नियम. बाहेरपर्यंत अखंड दोर असू दे. हवेचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला अडचणीला. खोलीची मर्यादा. असा अभ्यासक्रम मी दुसऱ्या कुठल्याही छंदात पाहिलेला नाही. नियम आधी आणि दाखला नंतर, असं आपल्या शाळेत असतं, इथं मेलेला माणूस आधी. फ्लोरिडातल्या कित्येक गुहांच्या तोंडाशी आजही यमदूताचं चित्र असलेली पाटी आहे, आणि त्यावर मुद्दाम लिहिलंय की इथं मेलेल्यांत इन्स्ट्रक्टरही आहेत. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोत साकातोन इथं हजार फुटांचा प्रयत्न करताना गेला. नियम लिहिणाऱ्यालाही ते मोडावेसे वाटतात. किंवा त्यांच्यापुढं जावंसं वाटतं. या दोन्हींत फरक आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, परत गोव्यात. कोर्सच्या शेवटच्या दिवशी 'हरवलेला डायव्हर' हा सराव होता. एक विद्यार्थी खाली कुठंतरी लपून बसतो, मी शोधायचा. मला सांगितलं, बडी वर आला, जोडीदार सापडत नाहीये. मी तडक उडी मारली. पाणी हिरवं, दृश्यता तीन-चार मीटर. मी चौकोनी पट्टे मारत मारत दूर गेलो, पार खडकापर्यंत. तेरा-चौदा मिनिटांनी हात हलवत वर आलो. तो होडीच्या नांगरापासून दहा मीटरवर बसला होता. इन्स्ट्रक्टर काही बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दादा, त्याला शेवटचं कुठं बघितलं, हे तुम्ही वर आलेल्या बडीला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. दोन वर्षांपूर्वी मी काहीच केलं नव्हतं म्हणून यावेळी मी फार काहीतरी केलं. फार्गसारखाच, प्रामाणिकपणे दोर सोडत राहिलो. दुसऱ्या प्रयत्नात विचारलं, चार मिनिटांत सापडला, पास झालो. पण ती पहिली तेरा मिनिटं माझ्या लॉगबुकात मी पेनानं लिहून ठेवली आहेत.

तर पर्याय काय काय होते? पहिला, डाइव्हमास्टर. १८ वर्षं पूर्ण, रेस्क्यू झालेलं, गेल्या २४ महिन्यांतलं फर्स्ट एड, सुरू करताना ४० डायव्ह आणि संपवताना ६०. माझे ४६ झालेत, म्हणजे उद्या सुरू करता येईल. इन्स्ट्रक्टरचंही तेच म्हणणं होतं, आणि तिचं चुकीचं नाही. शिकवताना माणूस सर्वांत जास्त शिकतो. पण डाइव्हमास्टर म्हणजे चार-सहा पर्यटकांची जबाबदारी. ४६ डायव्हपैकी एकात मी गोठलो आणि एकात भरकटलो. मी कुणाच्या घरच्यांना काय सांगू?

दुसरा, खोल डायव्हचा कोर्स. ४० मीटरपर्यंत. फार्गची पाटी डोळ्यांपुढे येते, तरी मोह आहे, खोटं कशाला बोलू.

तिसरा, नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेली हवा. याचा इतिहास मजेशीर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी समुद्रविज्ञान संस्थेनं शास्त्रज्ञांसाठी त्याची कोष्टकं काढली. १९८५ साली डिक रुटकोव्स्कीनं ते हौशी लोकांना शिकवायला घेतलं तेव्हा लोकांनी त्याला सैतानी वायू म्हणायचंच बाकी ठेवलं. आज तो दोन तासांचा कोर्स आहे. उपयोगी आहे, करीन कधीतरी.

आणि चौथा, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं: अपघातानंतर ऑक्सिजन देण्याचा कोर्स. यात पाण्यात उतरावंही लागत नाही. फोटो येत नाहीत. पण याच्या मागचा इतिहास सर्वांत मोठा आहे. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ साली दाखवलं की दाबातून वेगानं वर आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि दाबाखाली ऑक्सिजन स्वतःच विषारी ठरतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्याआधीच, १८७२ साली, या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा कारण कुणाला माहीत नव्हतं. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेननं बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याचा नियम दिला. त्याच्या १९०६ च्या स्कॉटलंडमधल्या चाचण्यांत त्याचा तेरा वर्षांचा पोरगाही पाण्यात उतरला होता. हा पोरगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ साली थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा यानं स्वतःला दाबाच्या टाकीत कोंडून घेऊन प्रयोग केले, ऑक्सिजनच्या विषबाधेनं झटके येऊन पाठीचे मणके दुखावून घेतले. १९५७ साली तो भारतात आला, कोलकात्यात राहिला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. म्हणजे आपल्या पाणबुड्यांच्या कोष्टकांचं एक टोक भुवनेश्वरला आहे, हे मला फार आवडतं.

होडीवर ऑक्सिजनची बाटली असते. कुणाला बुडबुड्यांचा त्रास झाला तर दाबाची टाकी तासांच्या अंतरावर असणार. तोपर्यंत माणसाच्या तोंडावरचा मास्क धरून बसणारा कुणीतरी लागतो, ज्याला ती बाटली उघडता येते, जो घाबरत नाही, आणि जो आधी विचारतो: किती खोल गेला होता, कधी वर आला, काय होतंय.

मी ऑक्सिजनच्या कोर्सला नाव दिलंय. पाऊस थांबला की होईल. त्याबरोबर एक ठरवलंय: डाइव्हमास्टरआधी आणखी पन्नास डायव्ह, बारा-पंधरा मीटरच्या वर, आणि प्रत्येकात हवा-संपली खुणेचा सराव एकदा करायचाच. नव्या बडीला पाण्यात उतरण्याआधी मी सांगणार आहे की माझं हे असं झालं होतं. इन्स्ट्रक्टरला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पन्नास नको दादा, तीस पुरे. पण सिलिंडरचे पैसे पन्नासचे द्या." सौदा अजून चालू आहे.

आईला ऑक्सिजनच्या कोर्सचं सांगितलं. पाण्यात जायचं नाही म्हटल्यावर ती खूश झाली. मग म्हणाली, आपल्या गल्लीतल्या आप्पांच्या घरी ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, कुणाला ते उघडता येत नाही, जरा जाऊन बघून ये. गेलो होतो. नॉब उलटा फिरवत होते.

पुढच्या भागात हॉल्डेनच्या बकऱ्या. भेटू.